वाळलेली रानतूर

आदिलाबाद
१४ मे २०२५

प्रिय नागसेन,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. आदिलाबादच्या उन्हाचं कौतुक तुला वेगळं काय सांगायचं? फोन असताना ताईनं पत्र काऊन लिहिलं, म्हणशील. फोनवर तू "आई कशी आहे?" विचारतोस तेव्हा आई शेजारीच बसलेली असते. मग मी "मजेत" म्हणून मोकळी होते.

आधी माझ्या कामाचं सांगते. इंद्रवेल्लीच्या जंगलातून आणलेलं रानतुरीचं बी आमच्या शेती संशोधन केंद्रावर कुंड्यांत वाढवलं आणि मग पाणी तोडलं. शेजारी शेतातली तूर होती. ती हिरवी राहायला धडपडली आणि मेली. रानतुरीनं मात्र आधीच पानं टाकून दिली, नुसत्या काड्या उरल्या. परीक्षा पुढेच होती: पुन्हा पाणी दिलं की ती बुडातून फुटते का?

पाणी द्यायच्या दिवशी आईला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून सोबत नेलं. मी जरा आत गेले. येऊन बघते तर आईनं पदर खोचून साऱ्या कुंड्या निंदून काढलेल्या. मुळांची माती झटकून काड्यांचा नीट ढीग लावलेला. उभा जन्म दुसऱ्यांची शेतं निंदण्यात गेला तिचा, हातांना कोण सांगणार?

"वाळलेलं ठेऊन काय करता वो बाई? साप करून देल्लं सारं," म्हणाली.

मी ओरडले तिच्यावर, सगळ्यांसमोर. पुन्हा पेरायला दाणा उरला नव्हता रे. ती मुकादमासमोर उभं राहावं तशी मान खाली घालून उभी राहिली. काड्या परत रोवल्या, पण मुळं उन्हानं करपली होती.

एका कुंडीत काडी तुटून मूळ आतच राहिलं होतं. तिथे पाणी देत राहिले. काल बुडाशी बारीक कोंब दिसला. इतका आनंद झाला की कुंडी उचलून घरीच आणली, आईला दाखवायला.

"कोनं लावलं?"

"मी लावलं, आई."

"चांगलं हाय." मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुमी कोन्या गावच्या, बाई?"

आता कळलं ना, तिला एकटं का ठेवत नाही ते? ती गल्ली चुकते, गॅस चालू ठेवते, ते सगळं निभावते मी. माझं नाव गेलं, तेही निभावीन म्हणते आणि मोरीत जाऊन रडते. तुझं नाव मात्र शाबूत आहे. रोज दारात बसून विचारते, "नागसेन आला का?" तिला न्हाऊ घालते ती परकी, आणि दोन उन्हाळे तोंड न दाखवणारा तो लाडका. राग येतो तुझा, खरंच येतो.

रानतुरीची वाट बघता आली. आईचं आता परत फुटायचं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तुझं नाव आहे तोवर ये. आणि आलास की तिच्यासमोर मला मोठ्यानं हाक मार. तुझ्या तोंडून ऐकून कदाचित तिला कळेल मी कोण ते.

तुझी ताई,
प्रतिभा