बेडकीचं हे काय केलंस

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद नंतर, आधी भांडण. तुझ्या कंपनीची नवी बेडकी मी काल पाहिली. बेडकी हे आपल्या जुन्या मोटरसायकलचं घरातलं नाव आहे, ते तुझ्या साहेबांना ठाऊक नाही हे बरं, नाहीतर तेही टाकीवर चिकटवून मोकळे झाले असते. दुकानातल्या पत्रकावर 'डिझाइन प्रमुख' म्हणून तुझा हसरा फोटो छापलाय. एवढं करून ठेवल्यावर माणूस हसतो कशाला, ते मला कळलं नाही.

दिव्यापासून सुरू करते. जुन्या गाडीचा दिवा गोल, बाहेर आलेला, भाबडा. त्यावरूनच तू तिला बेडकी म्हणायला लागलास, तेव्हा तुला धड बोलताही येत नव्हतं. आता तिथे दोन तिरके, टोकदार डोळे बसवलेत. समोरून बघितलं तर गाडी शेजाऱ्यांशी भांडून आल्यासारखी दिसते. टाकीच्या दोन्ही अंगांना हवा जायला भोकं ठेवलीत असं वाटलं, म्हणून बोट घातलं, तर आत भिंत! खोटी भोकं? मी जन्मभर दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत फिरले. पारड्याखाली लोहचुंबक लावणारे महाभाग मी रंगेहाथ पकडलेत. पण त्यांनाही त्या लबाडीतून काहीतरी मिळत होतं. तुला या भोकांतून काय मिळालं?

कॅरियर काढून टाकलास. माझी वजनांची पेटी त्या कॅरियरवर बसून गावभर हिंडली, कधी एक खिळा सैल झाला नाही. आता मागे विंचवाच्या नांगीसारखं शेपूट वर केलंय, त्याला पिशवीसुद्धा अडकत नाही. लांब सपाट सीट होती, तिचे दोन तुकडे केलेस, एक खाली, एक माळ्यावर. मागच्याने बसायचं कसं, धरायचं कशाला? तू माझ्या पाठीला गाल टेकून झोपी जायचास आणि मी एका हाताने तुझं मनगट पोटाशी धरून हळूहळू घरी आणायची. या नव्या सीटवर झोपलेलं पोर पहिल्या खड्ड्यालाच रस्त्यावर येईल. आणि किक? किकसुद्धा काढलीस. बटण दाबून मिक्सर सुरू करतात रे, मोटरसायकल नाही. माझ्या पायाची दया आली म्हणून केलं असशील तर सांगते, माझा लंगडा पाय डावा आहे आणि किक उजव्या पायाने मारतात. मी आजही मारते, एका दमात.

खरं तर मी दुकानात जाणारच नव्हते. पण आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळातला बॅटरीवाला मागे लागला. न बघता शिव्या घालणं बरं नाही, बघून घालू म्हणाला. त्याचं मला पटलं. तिथल्या विक्रेत्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गोड आवाजात विचारलं, "आजी, नातवासाठी बघताय का?" मी म्हटलं, "नाही, शत्रूसाठी." बिचारी हसावं की नाही या विचारात पडली. मग मी चालवायला किल्ली मागितली.

गाडीवर बसले, बटण दाबलं, इंजिन सुरू झालं. गिअर टाकला तर मेलं बंद! आणि वर पीं पीं पीं असा ठणाणा. काचेवर लाल दिवा लुकलुकतोय, दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे बघतायत. बाजूचा स्टँड खाली राहिला होता म्हणे. माझ्यावर इतकं ओरडायची हिंमत तुझ्या बापानेही कधी केली नव्हती. मी इंजिनावर उखडले, तुझ्यावर उखडले, त्या बाईवर उखडले. पण ती उलट खूश झाली. म्हणाली, "आजी, हेच तर आमच्या गाडीचं खास आहे. यामागे एक गोष्ट आहे, थांबा, दाखवते." आणि तिने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तुमचा तो उद्घाटनाचा कार्यक्रम लावला.

तो मी पाहिला नव्हता. तूच फोन करून सांगितलं होतंस, बघू नकोस, कंटाळवाणा असतो. मीही मनात म्हटलं, याला आईची टीका ऐकायची नसेल. तर पडद्यावर तू उभा, काळ्या शर्टात, हातात काही नाही, आवाज जरा बसलेला. तू म्हणालास, लहानपणी माझ्याकडे एक छोटंसं काम होतं. गाडी निघायच्या आधी स्टँड वर केला का ते बघायचं. एक दिवस मी न बघताच हो म्हटलं. त्या दिवसापासून माझ्या घरातलं एक माणूस लंगडत चालतं. म्हणून ही गाडी स्टँड वर असल्याशिवाय जागची हलणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू टाळ्यांकडे न बघता खाली बघत राहिलास. बॅटरीवाला एकाएकी हेल्मेटचे पट्टे तपासायला लागला. मी तिथल्या खुर्चीत बसले, आणि गाडी न चालवताच घरी आले.

इतकी वर्षं मी काय समजत होते, तेही ऐक. त्या अपघातानंतर तू बेडकीवर बसला नाहीस. शाळेला बसने जायला लागलास. मी फाटकाशी गाडी काढली की आत निघून जायचास. मला वाटलं, चारचौघांत लंगडत चालणाऱ्या, मोटरसायकल उडवणाऱ्या आईची तुला लाज वाटते. त्या वयात वाटते पोरांना, असं म्हणून मी गप्प बसले. पुढे तू मोटरसायकलीच बनवायला गेलास तेव्हा वाटलं, चला, राग गेला. आणि काल ती नवी गाडी दिसली, तेव्हा वाटलं, कुठला गेलाय, याने तर बेडकीवर सूड उगवलाय. म्हणून हे पत्र शिव्यांनी सुरू केलं. त्यातली एकही शिवी मागे घेत नाही.

पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही. त्या दिवशी स्टँड वर होता. नीट वाच, पुन्हा लिहिते. स्टँड वर होता. मी पेट्रोल भरून निघाले, "स्टँड?" विचारलं, तू तोंडात गोळी घोळवत "वर!" म्हणालास आणि मी नेहमीसारखी डाव्या टाचेने चाचपून बघितलं. नेहमीसारखी म्हणजे रोज. ते काम मी तुला दिलं होतं तुला मोठं झाल्यासारखं वाटावं म्हणून. एवढ्याशा पोराच्या शब्दावर तुला मागे बसवून गाडी सोडायला मी काय वेडी होते? वळणावर कुणाच्या तरी ट्रकमधून डिझेल सांडलं होतं. मला ते दिसलं, पण दिसेपर्यंत पुढचं चाक त्यावर गेलं होतं. गाडी माझ्या पायावर घसरत गेली आणि त्या घासण्यात स्टँडची स्प्रिंग तुटली. मेकॅनिकने नंतर मला तुकडा दाखवला होता. गाडी आडवी पडल्यावर तुला स्टँड लोंबताना दिसला असेल, तो त्या तुटलेल्या स्प्रिंगमुळे. मी इस्पितळात, तू मावशीकडे, आणि घरी आल्यावर कुणी त्या दिवसाचं नावच काढलं नाही. तू मनात काय धरून बसलायस, हे मला काल दुकानातल्या भिंतीवर कळलं. फोनवर हे सांगता आलं नसतं, "जाऊ दे ना आई" म्हणून तू विषय बदलला असतास. कागदाचं तोंड तुला बंद करता येणार नाही. माझ्या पायाला तू काहीही केलेलं नाहीस, राजा. तेव्हाही नाही, कधीच नाही. पत्र वाचून झालं की सुट्टी टाक आणि घरी ये.

तुझ्यावर अजून चिडलेली, तरी तुझीच,
आई