सहासष्ट पायऱ्या आणि एक स्टूल

सोमवार, ३ फेब्रुवारी

हाडांच्या डॉक्टरांनी सक्ती केली म्हणून लिहिते आहे. उजवा गुडघा कधी, किती दुखतो याची महिनाभर रोज नोंद ठेवायची. दुखत नाही, त्यामुळे वही पातळ आणली आहे.

डॉक्टर वयाने लहान. टेबलावर प्लास्टिकचा गुडघा. वर मांडीचं हाड, खाली नडगी, पुढे वाटी, मध्ये दोन गाद्या. म्हणाला, आतल्या बाजूची गादी झिजून फाटली आहे. मी एकोणीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. गाद्या कशा फाटतात हे मला कुणी सांगू नये. बेशिस्तीने फाटतात. मी माझी नीट वापरली आहे.

जिना उतरताना वाटीवर अंगाच्या वजनाच्या तिप्पट भार येतो म्हणे. मी म्हटलं, वाटी त्यासाठीच असते. हसला. नोंद: हसला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी १०

संस्थेच्या सचिव बाई ऑफिसात येऊन गेल्या. २८ला पाहणी. रेक्टरने संध्याकाळी आठची फेरी तिन्ही मजल्यांवर स्वतः घ्यावी असा नियम आहे. नियम मीच लिहिलेला. जमत नसेल तर साहाय्यक रेक्टरला पद द्यावं आणि मी तळमजल्यावर सल्लागार म्हणून बसावं, असं त्यांनी फार गोड आवाजात सुचवलं. सल्लागार म्हणजे जिला कुणी काही विचारत नाही ती.

साहाय्यक रेक्टर बत्तीस वर्षांची. एका वेळी दोन पायऱ्या चढते. मुली तिला ताई म्हणतात, मला मॅडम. यातच सगळं आलं.

संकल्प: २८ला सहासष्ट पायऱ्या चढणार आणि उतरणार, कठड्याला हात न लावता. कुणालाही कळवायची गरज नाही. सगळ्यांना कळवलं आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

व्यायाम: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दहा आकडे होईपर्यंत दाबायची. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. आज चार वेळा केलं. टॉवेल ओला होता.

पायरीगणिक गुडघ्यातून कट असा आवाज येतो. डॉक्टर म्हणाला होता, आवाज मनावर घेऊ नका. घेतलेला नाही. उलट गेल्या काही महिन्यांत वसतिगृहाची शिस्त कमालीची सुधारली आहे. पूर्वी दार उघडलं की गोंधळ. आता प्रत्येक खोलीत मुली टेबलाशी, पुस्तकं उघडी. खोली ३१मधली उंच मुलगी रसायनशास्त्राची, पण वाणिज्याचं पुस्तक वाचत होती, तेही धापा टाकत. अवांतर वाचनाची एवढी ओढ हल्ली दिसत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी स्टूल ठेवलं आहे. जिन्यात फर्निचर ठेवायला मनाई आहे. चौकशीसाठी त्यावर बसले. चार मिनिटं. निष्पन्न काही नाही. उद्या पुन्हा चौकशी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चौकशी चालू. सात मिनिटं.

डाव्या पायाचं कौतुक करावं तेवढं थोडं. उजव्याच्या वाटणीचं कामही निमूटपणे करतो. आजपासून चढताना सगळा भार त्याच्यावर. कामसू माणसाला काम द्यावं, कामचुकाराला तंबी. वसतिगृह असंच चालतं.

थोरल्या बहिणीचा फोन. तिने दोन्ही गुडघे बदलून घेतले आहेत. आता बागेत फेऱ्या मारते आणि किती मारल्या ते फोन करून सांगते. म्हणाली, अगं, पोरी तुला घाबरतात आणि तू त्या एवढ्याशा डॉक्टरला. मी म्हटलं, ऑपरेशनला वेळ नाही. म्हणाली, वेळ आहे गं, धीर नाही. तेवढ्यात फोन कट झाला. मीच केला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

डावा गुडघा सुजला. त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

खोली ३१च्या दाराशी कागद सापडला. अक्षर सुवाच्य. बावीस कट: पहिला मजला. चव्वेचाळीस कट: दुसरा. मग एक मोठा सुस्कारा. मग शांतता, पाच ते सात मिनिटं. मग सावधान. उंच मुलीला विचारलं, हे काय आहे? म्हणाली, प्रॅक्टिकल आहे मॅडम, ध्वनीचं. बाकीच्या मुलींना एकदम खोकला आला. हवा बदलते आहे. निरीक्षणं नेमकी होती, शाबासकी दिली. वळणाचं स्टूल याच प्रयोगाचं असेल का? उद्या बसून विचार करते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उजव्या गुडघ्यात वंगणाचं इंजेक्शन. करकरणाऱ्या बिजागरीत तेल सोडावं तसं. डॉक्टर म्हणाला, दोन दिवस जिना नको, आणि हे तात्पुरतं आहे, ऑपरेशनचं ठरवा. वही मागितली. घरी राहिली म्हटलं. पर्समध्ये होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आवाज बंद. एकही कट नाही. वळणावर न थांबता वर गेले.

पहिल्या मजल्यावर इस्त्रीवर पाव भाजत होत्या. दुसऱ्यावर बादली वाजवून गाणं चाललं होतं. तिसऱ्यावर खोली ३१मध्ये आठ जणी पलंगावर आणि मध्ये उंच मुलगी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कमरेला किल्ल्यांऐवजी चमचे, एक हात गुडघ्यावर, तोंडाने कट, कट. मग ती उपड्या बादलीवर बसली, सुस्कारा टाकला आणि म्हणाली, चौकशी चालू आहे.

नक्कल सदोष. मी उजवा पाय ओढते, ती डावा ओढत होती. तिथल्या तिथे सुधारून घेतलं.

मग पलंगावरच्या आठही जणी उठून रांगेत उभ्या राहिल्या. उंच मुलगी म्हणाली, मॅडम, आज तुमचा आवाजच आला नाही. मी विचारलं, स्टूल कुणाचं? तिचंच. म्हणाली, तुम्ही बसलात की आम्हाला आवरायला वेळ मिळतो. मग खाली बघून म्हणाली, आणि तुम्ही वळणावर कठड्याला धरून उभ्या राहायचात, ते बघवत नव्हतं.

हे दुसरं वाक्य उद्धटपणाचं होतं. स्टूल जप्त केलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उद्या पाहणी. कट परत आला आहे, आता दोन्हीकडून. शिस्तीला उपयोगीच. व्यायाम नाही. ताकद उद्यासाठी राखून ठेवली आहे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सहासष्टच्या सहासष्ट पायऱ्या चढले. कठड्याला हात लावला नाही, कोपर लावलं. सचिव बाई बरोबर होत्या. तिन्ही मजल्यांवर शिस्त आदर्श, इतकी की त्यांनाच संशय आला.

उतरताना, बरोबर जिथे स्टूल असायचं तिथे, उजवा गुडघा अडकला. सरळ होईना की वाकेना. डाव्याला हाक मारली, त्याने कानांवर हात ठेवले. जिन्याची स्वच्छता तपासण्यासाठी पायरीवर बसले. वीस मिनिटं. स्वच्छता ठीक आहे. सचिव बाई म्हणाल्या, बाई, पुरे आता. या वेळी आवाज गोड नव्हता, म्हणून ऐकला.

उंच मुलगी न बोलावता आली. ऑफिसातली खुर्ची आणून चौघींनी मला त्यात बसवून खाली उतरवलं. पावलं जुळत नव्हती. मी लेफ्ट राइट सांगत राहिले. तळमजल्यापर्यंत जमलं.

ऑफिसात सचिव बाईंनी एक अर्ज पुढे केला. चौसष्ट मुलींच्या सह्या. ह्याच रेक्टर ठेवाव्यात. चौसष्ट मुलींचं एकमत मी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. चष्मा पुसावा लागला. मग खाली कारण वाचलं: मॅडम येताना कळतं.

माझा कारभार उघड असायचा, असा अर्थ मी घेतला आहे. अर्ज नामंजूर.

शनिवार, १ मार्च

बहिणीला फोन केला. ऑपरेशननंतर किती दिवसांनी जिना चढता येतो, एवढंच विचारलं. टोमणा येईल म्हणून फोन कानापासून लांब धरला होता. ती म्हणाली, मी येते.

सुपूर्द केलं ते असं.

साहाय्यक रेक्टरला: किल्ल्यांचा जुडगा एक, किल्ल्या चौदा. फेरीचं रजिस्टर. शिटी. टॉर्च, सेल नाहीत. सोबत तोंडी सूचना: जिना चढताना किल्ल्या वाजवत जावं.

खोली ३१ला: जप्त स्टूल एक. पाच मिनिटांत ते परत आलं. सल्लागाराच्या टेबलाखाली पाय ठेवायला, असं सांगून गेल्या. पोच दिली.

डॉक्टरांना: ही वही. दुखण्याची नोंद तेवढी राहून गेली होती, ती इथे करते. दुखतं. उजवा, दोन वर्षं. डावा, पंधरा तारखेपासून.