कुर्कुझान आजोबांचा घास

सिप्पार, शमशचा मठ
अय्यारू महिना, दिवस तिसरा

चि. सिन-रिमेनी यास,

हुझालातुमचे अनेक आशीर्वाद. शमश आणि मार्दुक तुला माझ्यासाठी धडधाकट ठेवोत, कारण मला तुला बरंच काही ऐकवायचं आहे.

तेलाचा बुधला आणि लोकर पोचली. तेल चांगलं आहे. लोकर बहुधा म्हातारपणाने मेलेल्या मेंढीची असावी. सोबतची मातीची पाटीही पोचली. आपल्या पितरांची नवी यादी तू करवून घेतलीस, ती देवापुढे ठेवून मी आशीर्वाद मागावा, असा तुझा निरोप आहे. देवापुढे ठेवण्याआधी मी ती वाचली. मला वाचता येतं हे तू विसरला असशील. बाबांनी मला मठात घातलं ते जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून; पण इथे आल्यावर मी अक्षरं शिकले, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

यादीत बाबा आहेत, आई आहे. आणि बाबांच्या वर, जिथे कुर्कुझान आजोबा असायला हवेत, तिथे कोणी इप्कू-अदाद बसला आहे, राजाच्या पेल्याचा मानकरी. हा गृहस्थ कोण? आपल्या घरात राजाचा पेला सोड, धड न गळणारा पेलासुद्धा नव्हता. आजोबा दलदलीत बोरू कापायचे, चटया विणायचे, आणि दर अमावास्येला त्यांच्या नावाने भाकरी आणि पाणी पडायचं. तीन महिने तू त्यांचं नाव घेतलेलं नाहीस असं तुझी लेक ताबातुम लिहिते. म्हणजे तीन महिने तो म्हातारा खाली अंधारात उपाशी आहे, आणि त्याच्या पानावर एक परका माणूस जेवतो आहे.

यात माझाही स्वार्थ आहे, तो लपवत नाही. मठातली बाई, मला मूलबाळ नाही. मी गेल्यावर माझं नाव तूच घेणार, तुझ्यामागे तुझा मुलगा घेणार, एवढीच माझी पुढची सोय. ज्या हाताने आजोबांना पुसलं, तो हात मला पुसताना थरथरेल असं मला वाटत नाही. तेव्हा आजोबांना परत त्यांच्या जागी बसव. ही पाटी मी देवापुढे ठेवणार नाही. सध्या तिच्यावर कांदे ठेवले आहेत.

ताबातुमला गोड पापा. तुझ्यावरचा लोभ तुझ्या उत्तरापर्यंत राखून ठेवते.

तुझी अक्का
हुझालातुम

•

किश
अय्यारू महिना, दिवस एकोणिसावा

ती. अक्कास,

सिन-रिमेनीचे शि. सा. न. देव तुला सदैव सुखरूप ठेवो. पत्र अपिल-इलिशू लेखकाच्या हातचे आहे, सबब भाषा थोडी बरी वाटेल.

तुझं पत्र चारचौघांत वाचलं गेलं. कांद्यांपर्यंत आल्यावर लोक हसले. घरच्या कर्त्या पुरुषाला असं लिहू नये, एवढंच म्हणतो.

तू मठात असतेस. बाहेर जग कसं चालतं ते तुला कळणं कठीण. ताबातुमसाठी गिमिल-मार्दुकच्या घरून मागणं आलं आहे. देवळाच्या कोठाराचा तो मुख्य, त्याच्या दाराला तांब्याच्या कड्या आहेत. किशच्या चांगल्या घरांत रीत अशी की अबू महिन्यात, पितरांच्या मोठ्या दिवशी, वराकडचे लोक मुलीकडे येतात, दोन्ही घरांची यादी मोठ्याने म्हटली जाते आणि मग लग्न ठरतं. अशा माणसासमोर मी कुर्कुझान म्हणू? डुकराचं पिल्लू? त्याच्यापुढे धंदा काय सांगू, बोरू कापायचा? आजोबांच्या आईने लाडाने ठेवलेलं नाव असेल, पण लाडाची झळ आम्ही का सोसावी?

इप्कू-अदाद परका नाही. अपिल-इलिशूने जुन्या पाट्यांच्या ढिगात खूप शोध घेऊन त्याचा आपल्या कुळाशी संबंध सिद्ध केला आहे. त्याला एक मेंढा द्यावा लागला, पण विद्वान माणूस आहे. लग्न झाल्यावर आजोबांना गुपचूप परत घेऊ. जन्मभर ते चिखलात वाट बघत उभे राहिले, आणखी चार महिने त्यांना जड नाहीत. तुझ्या नावाची काळजी करू नकोस. माझ्याशी नीट वागणाऱ्यांना मी कधी विसरत नाही.

अबूला तू ये. मठातली बाई घरची आहे हे दिसलं की आपली शान वाढते. येताना ती चांगली शाल पांघर.

राग नसावा, असल्यास तो घरातच राहावा ही विनंती.

तुझा
सिन-रिमेनी

•

सिप्पार
सिमानू महिना, दिवस सातवा

चि. सिन-रिमेनी यास आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.

आधी अपिल-इलिशूशी बोलते. लेखकबुवा, हे तुम्हीच वाचता आहात. घसा खाकरा आणि सगळं वाचा. गाळायची तुम्हाला सवय आहे म्हणून सांगते. तुमच्या त्या ढिगात आणखी किती पेल्याचे मानकरी आहेत, आणि एका मेंढ्याला एकच मिळतो की जोडीने घेतले तर सवलत आहे, तेही कळवा. इथल्या बायका विचारत होत्या.

आता तू. आजोबांना चार महिने जड नाहीत असं तू लिहिलंस. तुला ते आठवत नसतील, तू रांगत होतास. मला आठवतात. त्यांच्या बोटांना इतक्या चिरा होत्या की मीठ चिमटीत धरताना ते डोळे मिटायचे. बोरूचं एक बेट मात्र त्यांनी कधी कापलं नाही. पाणपक्ष्यांनी कुठे जावं, म्हणायचे. मला मठात सोडायला बाबा आले ते रस्ताभर जमिनीच्या गप्पा मारत. आजोबा मागून चालत आले, पाठीवर चटई घेऊन. दाराशी ती अंथरली, मला तिच्यावर बसवलं आणि म्हणाले की पोरी, आत थंडी असते. बाकी कोणाला थंडी सुचली नव्हती. ती चटई अजून माझ्या अंगाखाली आहे.

आणि तू ज्या पाटीवर त्यांचं नाव गाळलंस ती कशाने लिहिली? बोरूने. पितरांसाठी जमिनीत पाणी ओततोस ते कशातून? बोरूच्या नळीतून. तुझ्या छपराखाली काय आहे? त्याच चटया. तुझ्या घरात त्या माणसाच्या हातचं नाही असं एक तुझं तोंडच आहे, आणि तेही त्यानेच भरवून मोठं केलं.

माझ्याशी नीट वागणाऱ्यांना विसरत नाही, असं लिहिलंस. म्हणजे मी शाल पांघरून मुकाट बसले तर मेल्यावर मला पाणी मिळेल. ही धमकी तुझी असेल तर तू बाबांहून हुशार निघालास, आणि लेखकाची असेल तर त्याला आणखी एक मेंढा दे.

मी येणार नाही. शाल पाठवते आहे, ती इप्कू-अदादला पांघरव. तुझ्या पाहुण्यांना तोच जास्त जवळचा. अबूला आजोबांचं नाव घेतलंस तर मी तुझी बहीण. नाही घेतलंस तर मला पाणी घालायला मी दुसरं कोणी बघेन.

पाटी संपली, म्हणून कडेवर लिहिते: ताबातुमला या सगळ्याचा दोष नाही, तिच्यावर चिडू नकोस.

हुझालातुम

•

किश
अबू महिना, दिवस तिसावा

ती. आत्यास,

ताबातुमचा शि. सा. न. शमश तुला खूप वर्षं माझी आत्या ठेवो. अक्षरं वाकडी आहेत. तू मला मठात ठेवून दोन वर्षं शिकवलीस तरी मी बोटाला माती लागली की रडायची, त्याचं हे फळ.

काल मोठा दिवस झाला. तू विचारशील म्हणून आधीच सांगते, बाबांनी पणजोबांचं नाव घेतलं नाही. तुझी शाल पांघरून त्यांनी म्हटलं, इप्कू-अदाद, राजाच्या पेल्याचा मानकरी. भाकरी मोडली, नळीतून पाणी घातलं. गिमिल-मार्दुक ऐकत होते. त्यांचा चेहरा खजुरात खडा लागल्यासारखा झाला. मला वाटलं नाव कमी पडलं.

मग त्यांची पाळी. त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, मग खूप खोकले, आणि इप्कू-अदाद म्हणाले. राजाच्या पेल्याचा मानकरी.

आत्या, तोच इप्कू-अदाद! लेखक भाकऱ्यांची परडी धरून उभा होता. परडी ठेवून तो जो गेला तो अजून आलेला नाही. त्याच्या शेजारणीकडून कळलं की त्याच्या आवारात बरेच मेंढे आहेत.

मला वाटलं आता हाणामारी होणार. पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बाबा म्हणाले की म्हणजे आपण तर भाऊबंदच निघालो. गिमिल-मार्दुक म्हणाले, आपल्याला पाहताक्षणी रक्ताची ओढ वाटली होती. दोघांनी मिठी मारली. बाबांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, ते कसं आणलं देव जाणे. पण मिठी सुटते न सुटते तोच वाद लागला. पूर्वज एकच, तर त्याच्या वंशातली थोरली पाती कोणाची, धाकटी कोणाची? आजवर पाणी घालायचा मान कोणाचा होता? बाबा म्हणाले आमचा. ते म्हणाले की तुमच्या घरी त्यांना जवाची पातळ दारू मिळत असणार, म्हणून ते आमच्याकडे येत असावेत. संध्याकाळपर्यंत दोघे तावातावाने, जो माणूस कधी जन्मला नाही त्याच्या आवडीनिवडी एकमेकांना सांगत होते. बाबांच्या मते त्याला तीळ आवडायचे.

तेवढ्यात मी भिंतीच्या कोपऱ्यात गेले. तू शिकवलंस तसं बोरूची नळी मातीत खोचली, पाणी घातलं, आणि म्हटलं, कुर्कुझान, बोरू कापणारे, माझे पणजोबा. भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर मीठ ठेवलं. मागे वळले तर माझी होणारी सासू उभी. मला वाटलं मोडलं लग्न. तिने विचारलं हे कोण, मी खरं सांगितलं. ती इकडेतिकडे बघून खाली बसली आणि हळूच म्हणाली की नळीत आणखी थोडं पाणी घाल. तिचे आजेसासरे कातडी कमवायचे, नाव बूर-नूनू. म्हातारा मायाळू होता, पण त्याच्या हाताचा वास जायचा नाही म्हणून नवऱ्याने त्याला यादीतून काढलं. दोन वर्षं ती चुलीमागे चोरून पाणी घालते आहे. मग आम्ही दोघींनी मिळून दोघांना जेवू घातलं.

लग्न ठरलं आहे. मुलगा जरा तिरळा आहे, पण ते सगळं चालू असताना त्याला हसू आवरत नव्हतं, तेव्हा मला चालेल.

तुझं नाव मी घेईन, आत्या. सासरी चुलीमागे जागा आहे असं सासूबाई म्हणाल्या.

माया आहेच, ती अशीच असू दे.

ताबातुम

•

सिप्पार
उलूलू महिना, दिवस बारावा

सिन-रिमेनी यास,

देव तुला उदंड आयुष्य देवो. खाली अंधारात तुझी वाट बघणारं कोणी नाही, तेव्हा घाई कशाला.

लग्न ठरल्याचं कळलं. नवा भाऊ मिळाल्याबद्दल अभिनंदन. थोरल्या पातीचा निकाल लागेपर्यंत इप्कू-अदादला दोन्ही घरी जेवायला मिळतंय, आणि त्याला पोटच नाही. तुझी यादी परत पाठवते आहे. कांद्यांचा वास राहिला आहे, त्याबद्दल क्षमा.

मठाच्या रिवाजाप्रमाणे साक्षीदारांसमोर ताबातुमला मी माझी लेक आणि वारस केलं. दोन खोल्या, जातं, ती चटई, सगळं तिचं. माझ्यामागे हे तुझ्या घरी येईल असं तू धरून चालला होतास, ते आता धरू नकोस. तिच्या यादीत आजोबा आहेत, मी आहे, आणि कोणी बूर-नूनू नावाचा कातडी कमावणारा आहे, ज्याला मी ओळखत नाही पण पंगतीला आनंदाने घेते. तू नाहीस. तुझी सोय तुझा मुलगा करील.

त्याने तुला यादी करताना जवळून पाहिलं आहे असं ऐकते, चांगलं शिकला असेल. कधीतरी त्याचीही सोयरीक होईल, त्यालाही दाराच्या तांब्याच्या कड्या आवडतील, आणि त्या दिवशी तुझं नाव गाळून पाटी नव्याने लिहायला त्याला एक बोरू लागेल. आजोबांच्या बेटातला घ्यायला सांग. चांगला टिकतो.

हुझालातुम