भिंतीला टेकलेला किल्ला

५ ऑक्टोबर
दस्तगीरने वाळवीचं औषध मारलं. भिंतीकडेने भोकं पाडून जमिनीत ओतलं, सागवानी खांबांच्या बुडालाही. घट्ट पांढरं असतं म्हणे. मला ताकाच्या निवळीसारखं दिसलं. जाताना म्हणाला, "भितीला नवी माती लागू दिऊ नगा आण्णा. तिच्यावरनं चढती ती." उद्या अंगावर येऊ नये म्हणून आधीच पळवाट.
पोराची, सागरची, अट ठरलीय: परत वाळवी दिसली की घर पाडायचं, स्लॅब टाकायचा. इथं जन्मलो मी. फौजेत असताना रजा म्हणजे हेच घर.

१९ ऑक्टोबर
सागर, सूनबाई पुण्याहून आले. नात अनूसाठी ओट्यावर किल्ला केला. माती शेतातली. बुरूज ढासळत होता, मग कोपऱ्यात भिंतीला टेकवला. झकास बसला. मी परत येईपर्यंत मोडायचा नाही, असं अनूबाईसाहेबांनी बजावलंय. सागर खांब ठोकून बघत होता. कशाला?

१४ डिसें.
किल्ल्यावरचं हळीव कधीच वाळलं, तरी किल्ला तडकू नये म्हणून सौ. रोज पाणी शिंपडते. अनूला व्हिडिओवर दाखवावा लागतो ना.

२० जाने.
कोपऱ्यातल्या खांबावर मातीची रेघ. नखाने खरवडली, आत वाळवी. डोकंच फिरलं. दस्तगीरला फोनवर नको ते बोललो. औषधात पाणी घातलंस म्हणालो. चहाच्या टपरीवरही सांगून आलो. तो एवढंच म्हणाला, येऊन बघतो.
संध्याकाळी सागरचा फोन. येतोय म्हणे, घर बघायला. त्याला कुणी कळवलं? सौ. नाही म्हणते. तिचाही भरवसा वाटेना.

२१ जाने.
रेघ खाली किल्ल्यात शिरलेली. बुरूज फोडला. मागची भिंत मातीच्या नळ्यांनी भरलीय. खाली औषध, वर माझी माती, तिच्यावरून सरळ खांबात.
किल्ला काढून लांब टाकला. ओटा धुतला. सौ. दारातून बघत होती. "दस्तगीरला सांगा आता," म्हणाली. सांगतो म्हणालो.

२२ जाने.
दस्तगीर आला. धुतलेल्या कोपऱ्यापाशी थांबला.
"हितं काय हुतं, आण्णा?"
काही नाही म्हणालो.
भोकं तपासत बराच वेळ बसला. मग म्हणाला, "माजंच कायतरी चुकलं आसंल. परत मारतो."
कळलंच नाही त्याला, की कळून बोलला? तोंडावरून पत्ता लागेना. लाज वाटली, तरी मार म्हणालो. सौ. चहा ठेवून माझ्याकडे न बघता आत गेली.
उद्या सागर येतोय. अनूही. बूट काढायच्या आधी ती किल्ला बघायला कोपऱ्याकडे पळणार.