पहिला चेहरा

मंगळवार, रात्र

आज ऑफिसात आमच्याच हजेरीच्या अ‍ॅपची चाचणी घेत होतो. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, अ‍ॅप नाव सांगतं. सातपूरच्या कारखान्यांना हेच विकतो आम्ही. मी चेहरा धरला आणि मोबाइल बोलला, "नमस्कार, मिलिंद."

मिलिंद म्हणजे माझा दादा. गेल्या वर्षी गेला. आम्ही अ‍ॅप बनवायला घेतलं तेव्हा पहिला चेहरा त्यानेच दिला होता. "घे, फुकट आहे," म्हणाला होता. ती नोंद काढायची राहून गेली असं मी सांगतो. खरं तर मला ती काढवली नाही.

नवीन लागलेला नितीन हसला. "दाढीमुळे गंडतंय सर. कोण मिलिंद? उडवू का त्याला?"

नको म्हणालो. पुन्हा उभा राहिलो. पुन्हा मिलिंद. मग तिसऱ्यांदा कशाला उभा राहिलो? चाचणी तर झाली होती.

दादाला कायम दाढी असायची. मी ठेवायला लागल्यापासून आई माझ्याकडे बघतच नाही, ताटाकडे बघून बोलते. रोज एकच, "दाढी काढ रे बाबा." रोज मी खेकसतो. आज जेवताना विचारलं, "मी दादासारखा दिसतो का गं?"

ती भाजी वाढत म्हणाली, "दारात उभा राहतोस ना, तेवढ्यापुरता."

मी उठलो, हात धुतले, रेझर काढला. तर म्हणाली, "आजचा दिवस राहू दे."

आणि माझ्याकडे बघत राहिली.