गोल कोपरा

लातूर, मंगळवार, १२ एप्रिल

जोड जमला. सपाट सर्किटातली मायक्रोवेव्ह लहर वेव्हगाइडमध्ये, म्हणजे लहर वाहून नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळीत, आता जवळजवळ न घटता उतरते. केलं काय? पितळी पोकळीचे कोपरे आराखड्यात गोल धरून मापं पुन्हा काढली. एवढंच.

लेथवाले हबीबचाचा महिन्यापूर्वीच म्हणाले होते, "सर, कटर गोल हाय, कोपरा गोलच येनार. कागदावर बी गोल काढा की."

मी चारचौघांत सुनावलं, "तुम्ही कापा, विचार मी करतो." आणि त्याच संध्याकाळी नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत कष्टकऱ्यांच्या मानावर तासभर बोललो. चाचा पुढच्याच रांगेत होते. टाळ्या वाजवल्या का त्यांनी? आठवत नाही.

आज सांगायला गेलो तर दुकान बंद. विहिरी आटल्या, दुकानातली पंपदुरुस्तीची कामं संपली, चाचा हैदराबादला गेले. पत्ता कुणाकडेच नाही.

गोल कोपऱ्यावर बोट फिरवत बसलोय. परवा पुन्हा सभा, विषय तोच. कोणत्या तोंडाने बोलू?