उसंत हा शब्द कोणाचा

रविवार, १२ मार्च

ती. दादास,
नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? वहिनीचा कोट तयार आहे. बाह्या तिनं सांगितल्या तेवढ्या आखूड केल्यात.

तुझ्या भाचीचा प्रबंध मान्य झाला. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

मध्ये प्रबंध अडकला होता. विद्यापीठातल्या नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरनं तिच्या शिवणकामाच्या प्रकरणातलं अख्खं पान लाल केलं. ‘वाढत्या मुलाच्या कपड्यात उसंत ठेवावी, म्हणजे शिवण उसवली की कपडा मुलाबरोबर मोठा होतो.’ इथून पुढचं सगळं तुझ्या तीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधाशी जुळत होतं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “तळटीपेत मामांचं नाव टाक, विषय संपला. नाहीतर पदवी विसर.”

“पण मी मामाचा प्रबंध उघडलासुद्धा नाही. हे मी घरी ऐकत आलेय.”

मग उघडला. त्यात तू लिहिलंयस की ‘उसंत’ ही संज्ञा शिंपीकामात सर्वत्र रूढ आहे. पोरगी हट्टी, माझ्यावर गेलेली. तिनं चाळीस शिंप्यांना विचारलं. शिवणीत सोडलेल्या त्या जादा कापडाला सगळे मार्जिन म्हणतात. एकानं तिला चहा पाजला आणि म्हणाला, “ताई, आम्हाला कुठली उसंत?”

रूढ कशी असेल, दादा? मी शिकाऊ होते तेव्हा मास्तर ‘उसवण’ म्हणाले, मी ‘उसंत’ ऐकलं आणि वहीत तेच लिहिलं. तू माझ्या चुकीसकट उचललंस.

‘चाळून परत देतो’ म्हणून ती वही नेली होतीस, परत दिलीसही. तुझ्या आभारांत ग्रंथपाल होते, टायपिस्ट होता, ‘घरची मंडळी’ही होती. प्रबंध वाचायला वेळच मिळाला नाही, असं मी तेव्हा म्हटलं होतं. ते खोटं. चार दुपारींत वाचून काढला होता. राग आला होता मला. पण वाटलं, कपडे शिवणाऱ्या बाईचं बोलणं कोण छापतं, भावानं छापलं तरी. म्हणून गप्प बसले.

पोरगी बसली नाही. आधी तिनं स्वतःचा कान धरला, कारण आईची वाक्यं तिनंही स्वतःची म्हणूनच लिहिली होती. मग वही घेऊन समितीपुढे गेली. आता तळटीपेत आहे: मूळ मांडणी आईच्या शिवणवहीतली, मामाच्या प्रबंधात नामोल्लेखाविना आलेली.

लोक तुला विचारतील. बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तिच्यावर चिडू नकोस. तुझं तेवढं गाळ, असं मीच तिला म्हटलं होतं. तर म्हणाली, “ते लपवलं तर माझ्यात आणि मामात फरक काय राहिला?” तिचा फार अभिमान वाटतो, दादा, आणि खरं सांगू, थोडा माझाही.

संदर्भयादीसाठी तिनं विचारलं, नाव सासरचं लावू की माहेरचं? म्हटलं, माहेरचं. आपलं आडनाव एकच, त्यामुळे दोघांची नावं लागोपाठ आलीत, वर्णानुक्रमानं.

तुझी धाकटी बहीण,
यादीत तुझ्या वरची